बॅकअप रखडतोय? आधी पाणी कुठे मुरतंय ते बघा

कॉपीची खिडकी उघडते, हिरवा आलेख झोकात वर चढतो, सेकंदाला तीनशे एमबी वगैरे आकडा दिसतो. चहा टाकून परत येईपर्यंत तोच आलेख जमिनीला टेकलेला आणि खाली ‘अजून ९ तास’. एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर बॅकअप घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं आणि निदानही ठरलेलं असतं: डिस्क गेली, नवी घ्या. दुकानदारही नाही म्हणत नाही.

बॅकअप रखडण्याची कारणं मोजकीच आहेत आणि प्रत्येकाची रखडवण्याची तऱ्हा वेगळी आहे. म्हणून किती हळू चाललंय हे नंतर, कधीपासून हळू चाललंय हे आधी बघायचं. पहिल्या सेकंदापासून हळू असेल तर संशय केबलवर किंवा पोर्टवर. वीस-तीस जीबी झकास गेले आणि मग दम लागला, तर डिस्कच्या आतल्या रचनेवर. ठरावीक फोल्डर आला की गाडी अडते, तर त्यातल्या फाइलींच्या संख्येवर. मधेच शून्यावर जातं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा शून्य, तर डिस्कच्या तब्येतीवर किंवा तिला मिळणाऱ्या विजेवर. एवढं ओळखता आलं तर अर्धं काम झालं.

पुढे सगळीकडे मी एकच नमुना धरतोय: विंडोज १० किंवा ११ असलेला लॅपटॉप, खिशात मावणारी अडीच इंची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, आणि दोनशे जीबीचा घरगुती ऐवज, म्हणजे लग्नामुंजीचे फोटो, व्हिडिओ, व्हॉट्सअ‍ॅपचा साठा, कागदपत्रांचे स्कॅन. मॅकवाल्यांसाठी शेवटी थोडं आहे.

आधी अपेक्षा ठरवा

खोक्यावरचे आकडे बिटमध्ये असतात आणि कॉपीच्या खिडकीतले बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. यूएसबी २ हे २००० साली आलं, त्याचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठने भागलं की ६० एमबी, आणि लॅपटॉप-डिस्कची आपापसातली बोलाचाली वजा जाता हातात पडतात ३० ते ४०. यूएसबी ३ आलं २००८ मध्ये, कागदावर ५ गिगाबिट. पुढे याच ५ गिगाबिटवाल्याचं नाव दोनदा बदललं: आधी ३.१ जेन १, मग ३.२ जेन १. त्यामुळे नावाच्या नादी लागू नका, गिगाबिटचा आकडा वाचा.

पण रस्ता कितीही रुंद असला तरी आतली फिरणारी तबकडी आपल्याच चालीने चालते. मिनिटाला ५४०० फेरे मारणारी अडीच इंची डिस्क एका सलग मोठ्या फाइलीला सेकंदाला १०० ते १४० एमबी देते, तेही रिकामी असताना. तबकडीच्या बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो, आतल्या कडेला कमी. डिस्क बाहेरून आत भरत जाते, म्हणून जवळजवळ भरलेल्या डिस्कवर हाच वेग निम्म्यावर येतो. यात बिघाड काही नाही.

आता दोनशे जीबीचा हिशेब. ११० एमबीने अर्धा तास. ३५ एमबीने दीड तासाच्या थोडं वर. १० एमबीने साडेपाच तास. तुमची डिस्क यांपैकी कोणत्या ओळीत बसते ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पायरी १: डिस्क आजारी नाही ना?

वेगाच्या मागे लागण्याआधी हे उरकून घ्या, कारण आजारी डिस्कवर वेगाचे प्रयोग करणं म्हणजे आहे तेही घालवणं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते डिस्कने स्वतःविषयी टिपून ठेवलेल्या नोंदी दाखवतं. वर ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा असतो. पण शेऱ्यावर थांबू नका. खालच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी शोधा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बाजूला काढून बदली दिलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे. सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निर्णय लटकलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही दुरुस्त न झालेले. कच्चा आकडा हेक्साडेसिमलमध्ये येतो, तो उलगडत बसायची गरज नाही. तिन्ही ओळींत नुसती शून्यं असली म्हणजे झालं.

सी५ मध्ये शून्याखेरीज काही दिसलं तर रखडण्याचं कारण बहुधा तिथेच आहे. खराब सेक्टर लागला की डिस्क सहजासहजी हार मानत नाही. तोच सेक्टर पुन्हा पुन्हा वाचून बघते, त्यात कित्येक सेकंद जातात आणि तेवढा वेळ कॉपीचा आकडा शून्यावर बसतो. टक् टक् आवाज येत असेल तर प्रश्नच मिटला. अशा वेळी आधी जे दुसरीकडे कुठेच नाही ते काढून घ्या: घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो, जमिनीची कागदपत्रं. सिनेमे नंतर. डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र आणणं), फॉर्मॅट, ‘रिपेअर’ यातलं काहीही त्या डिस्कवर चालवू नका.

पायरी २: एका मोठ्या फाइलीची परीक्षा

चार-पाच जीबीची एकच व्हिडिओ फाइल घ्या आणि एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करा. पहिल्या दहा-पंधरा सेकंदांचा आकडा मानू नका. तो डेटा बऱ्याचदा लॅपटॉपच्या रॅममध्ये आणि डिस्कच्या स्वतःच्या लहानशा मेमरीत जाऊन बसलेला असतो, तबकडीवर अजून उमटलेला नसतो. मधल्या टप्प्यात स्थिरावलेला आकडा लिहून ठेवा.

कॉपी चालू असतानाच कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. तिथे प्रत्येक डिस्कचा वेगळा आलेख असतो. लॅपटॉपच्या आतली आणि बाहेरची, दोन्हींचा ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ बघा. जी शंभर टक्क्यांना चिकटलीय ती अडवतेय. जुन्या लॅपटॉपमध्ये आत अजून फिरणारी डिस्क असेल, तर बाहेरची बिचारी रिकामी बसलेली आणि आतली घाम गाळत असलेली दिसेल. मग बाहेरची बदलून हाती काहीच लागणार नाही. वेग ३५-४० वर घट्ट चिकटलेला असेल, तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

पायरी ३: केबल आणि पोर्ट

वेग ३५-४० वर सपाट रेषेसारखा स्थिर असणं हा यूएसबी २ चा ठसा आहे. डिस्क ३ ची, लॅपटॉप ३ चा, तरी जोडणी २ ची होऊ शकते.

अडीच इंची डिस्कच्या बाजूला जी खाच असते ती नीट बघा. रुंद, चपटी आणि दोन भागांत तुटलेली. डावी-उजवीकडे एक मोठा भाग नि एक लहान. यूएसबी ३ साठी चार जुन्यांच्या जोडीला पाच नव्या पिना लागतात, त्या लहान भागात असतात. केबलचं टोक अर्धवट बसलं, किंवा वर्षभर बॅगेत दुमडून त्या टोकाला केबल सैल झाली, की नव्या पिनांचा संपर्क तुटतो आणि जुन्यांवर काम चालू राहतं. डिस्क दिसते, फाइली उघडतात, कुणाला शंकाही येत नाही. त्याच खाचेत मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबलही बसते. तीही चालते आणि तीही यूएसबी २ नेच.

लॅपटॉपच्या बाजूने आत निळी पट्टी असलेलं तोंड हे सहसा यूएसबी ३ चं. निळा रंग सक्तीचा नाही, काही कंपन्या काळंच ठेवतात, तेव्हा तोंडाशेजारी ‘एसएस’ अशी खूण शोधा. केबल तोंडात अगदी सावकाश सरकवली तर पुढच्या जुन्या पिना आधी टेकतात आणि जोडणी २ म्हणून पक्की होते. ऐकायला खोटं वाटेल. काढा आणि एका दमात ठामपणे लावा, मग पुन्हा तीच व्हिडिओ फाइल कॉपी करून बघा. वेग तिप्पट झालेला दिसला तर उरलेला लेख वाचायची गरजही पडणार नाही.

सी टाइपच्या तोंडाने हा घोळ वाढवलाय. तोंड तेच, आतल्या तारा वेगळ्या. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणारी सी केबल बहुतेक करून यूएसबी २ चीच असते, कारण तिचं काम चार्जिंगचं. डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कबरोबरच ठेवा, हवं तर तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव लिहा. नवी घ्यायची झाली तर लॅमिंग्टन रोडला काय किंवा गावातल्या दुकानात काय, ‘डेटा केबल’ एवढंच म्हणू नका. ‘हार्ड डिस्कची, ५ गिगाबिटची’ असं म्हणा. लांबी अर्धा-एक मीटर पुरे. लांबलचक स्वस्त केबलवर संदेश क्षीण होतो आणि मग चुका, पुन्हा पाठवणी, अडखळणं.

विजेचंही बघायला हवं. यूएसबी २ चं तोंड ५०० मिलिअँपिअर देतं, ३ चं ९००. अडीच इंची डिस्क यावरच जगते, तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो. एका बिनअ‍ॅडॅप्टरच्या हबवर माऊस, पेन ड्राइव्ह, डोंगल आणि डिस्क अशी पंगत बसवली की डिस्क उपाशी राहते. मधेच बंद पडते, ‘टुडुंग’ वाजतं, पुन्हा जोडली जाते. डिस्क थेट लॅपटॉपला लावा. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या तोंडांऐवजी मागच्या, मदरबोर्डवरच्या तोंडांना.

पायरी ४: सुरुवातीला घोडदौड, मग गचके

हा प्रकार सगळ्यात जास्त लोकांना छळतो आणि त्याबद्दल दुकानात सगळ्यात कमी बोललं जातं. एक टीबी आणि त्यापुढच्या बहुतेक अडीच इंची डिस्का आज एसएमआर पद्धतीच्या असतात. कमी जागेत जास्त डेटा बसवण्यासाठी या डिस्कवर डेटाच्या रेघा एकमेकींवर थोड्या चढवलेल्या असतात, कोकणातल्या घरावरच्या कौलांसारख्या. नवीन छप्पर एका टोकाकडून रचत जायचं असेल तर अडचण नाही. पण मधलं एक कौल बदलायचं झालं तर त्यावर चढलेली सगळी उचलावी लागतात. डिस्कचंही तसंच. मधली एक रेघ बदलायला तिला आख्खा पट्टा वाचून, दुरुस्त करून, पुन्हा लिहावा लागतो.

हे झाकण्यासाठी कंपन्या डिस्कचा थोडा भाग जुन्या पद्धतीचा ठेवतात. आलेला डेटा आधी तिथे उतरतो आणि डिस्क रिकामी असताना तो हळूहळू मूळ जागी सरकवते. रोज दोन-चार जीबी टाकणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. एका दमात दोनशे जीबी ओतायला घेतले की हा ओटा भरतो, आणि मग डिस्कला एकाच वेळी नवा डेटा घ्यायचा असतो आणि जुना आवरायचा असतो. १२० वरून वेग २० वर, कधी ५ वर, मधेच शून्यावर. टास्क मॅनेजरमध्ये अ‍ॅक्टिव्ह टाइम शंभर टक्के, लिहिण्याचा वेग जेमतेम. नवी कोरी डिस्क पहिल्यांदा भरताना हा त्रास कमी होतो. जुनं पुसून त्याच जागी नवं लिहायला लागलात की खरा जाच सुरू होतो. म्हणूनच ‘घेतली तेव्हा पळत होती, आता रांगते’ ही तक्रार एवढी ऐकू येते.

एसएमआर ही लपवाछपवीची गोष्ट होती का? काही अंशी होय. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतल्या काही डिस्कांमध्ये ही पद्धत ग्राहकांना न सांगता वापरल्याचं बाहेर आलं, बरीच आरडाओरड झाली आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं याच्या याद्या जाहीर केल्या. तुमची कोणती, हे ओळखायची एक सोपी खूण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्येच आहे. वरच्या भागात ‘फीचर्स’ म्हणून एक रांग असते. फिरणाऱ्या हार्ड डिस्कपुढे तिथे ‘ट्रिम’ उजळलेलं दिसलं, तर ती जवळजवळ नक्की एसएमआर. दिसलं नाही तर मात्र काही ठरवता येत नाही.

यावर उतारा धीराचा आहे. पहिला मोठा बॅकअप वीस-तीस जीबीच्या तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकड्यानंतर डिस्क जोडलेलीच ठेवून तासभर सोडून द्या. ‘इजेक्ट’ करू नका. कॉपी संपलेली असूनही डिस्कचा दिवा लुकलुकतो, हात ठेवला तर हलकी घरघर जाणवते. ती आवराआवर करतेय. ते थांबल्यावर पुढचा तुकडा. घाई नसेल तर सगळं एकदम रात्री लावून झोपा, पण मग सेटिंग्जमध्ये जाऊन लॅपटॉप अर्ध्या तासाने झोपी जाणार नाही याची सोय करा. नाहीतर सकाळी १२ टक्क्यांवर अडकलेली खिडकी बघायला मिळते. आणि एसएमआर डिस्क डीफ्रॅग करू नका. डीफ्रॅग म्हणजे मधली-मधली कौलं बदलत बसणं, दिवस जातो आणि हाती फारसं काही येत नाही.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क, घेतली की सुटलो असं वाटतं, तेही पूर्ण खरं नाही. स्वस्त एसएसडीतही हाच खेळ असतो, फक्त रूप वेगळं. चिपच्या काही भागात प्रत्येक पेशीत एकच बिट ठेवून भरभर लिहिलं जातं, तो भाग भरला की प्रत्येक पेशीत तीन किंवा चार बिट कोंबायचं काम सुरू होतं आणि वेग धाडकन खाली येतो. १००० एमबीची जाहिरात असलेली एसएसडी मोठ्या कॉपीत शेवटी साध्या हार्ड डिस्कच्या वेगावर आलेली दिसली तर चक्रावू नका. शिवाय ती तापते आणि तापली की स्वतःहून वेग आवरते. नागपूरच्या मे महिन्यात गादीवर, उशीला टेकवून ठेवलेली एसएसडी ही शिक्षा आहे. फरशीवर ठेवा. पेन ड्राइव्हबद्दल तर बोलायलाच नको. लिहिताना पाच-दहा एमबीवर येणारे पेन ड्राइव्ह सर्रास मिळतात. ते फाइली इकडून तिकडे न्यायला ठीक, बॅकअपसाठी नाहीत.

पायरी ५: चिल्लर फाइलींचा डोंगर

मोठी व्हिडिओ फाइल ११० ने गेली, पण व्हॉट्सअ‍ॅपचा फोल्डर आला आणि वेग अर्ध्या एमबीवर? इथे डिस्कचा दोष शून्य.

ढोबळ हिशेब मांडू. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. लिहिणारा दांडा योग्य रेघेवर न्यायला दहा-बारा मिलिसेकंद, मग ती जागा फिरून खाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा. म्हणजे एका उडीला पंधरा-सोळा मिलिसेकंद. एक फाइल लिहिताना मजकूर एकीकडे, नाव आणि तारीख दुसरीकडे, कोणती जागा वापरली याची नोंद तिसरीकडे, अशा निदान तीन उड्या. पन्नासेक मिलिसेकंद धरा. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टिकर, थंबनेल आणि शुभ सकाळच्या चित्रांच्या पन्नास हजार फाइली, प्रत्येकी २० केबी, एकूण जेमतेम १ जीबी. त्याला लागतात चाळीस मिनिटं. तेवढाच १ जीबी एका फाइलीत असता तर दहा सेकंदांत गेला असता.

आधी गाळणी लावा. शुभ सकाळचा बॅकअप खरंच हवाय का? थंबनेल, कॅश, टेम्प असली नावं असलेले फोल्डर वगळले की अनेकदा फाइलींची संख्या निम्म्याहून खाली येते. प्रोग्रामिंग शिकणारी मुलं-मुली घरात असतील तर त्यांचा ‘नोड मॉड्यूल्स’ नावाचा फोल्डर हमखास वगळा. त्यात हजारो बारक्या फाइली असतात आणि तो हवा तेव्हा पुन्हा उतरवता येतो.

जे ठेवायचंच आहे, पण आता बदलणार नाही, त्याची झिप करा. २०१९ चे फोटो आता तसेच राहणार आहेत. सेव्हन झिप वापरून वर्षावार एकेक फाइल बनवा आणि दाबणीचा प्रकार ‘स्टोअर’ ठेवा. जेपेग आधीच दाबलेली असते, तिला पुन्हा दाबून फक्त वेळ जातो. झिप लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर तयार करायची आणि मग बाहेर कॉपी करायची. थेट बाहेरच्या डिस्कवर बनवू नका. रोज बदलणाऱ्या फोल्डरची मात्र झिप नको, एका ओळीच्या बदलासाठी आख्खी गठडी पुन्हा बांधावी लागते.

याच ठिकाणी फॉर्मॅटचा, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा, प्रश्न येतो. फॅट ३२ मध्ये ४ जीबीची एक फाइलही मावत नाही, तो विषय सोडून द्या. उरले एक्सफॅट आणि एनटीएफएस. विंडोजमध्ये ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केली की एका खणाचं, म्हणजे फाइलीला मिळणाऱ्या सगळ्यात लहान जागेचं, माप आपोआप १२८ केबी ठरतं. वीस केबीची फाइल आली तरी आख्खा खण अडतो. वरच्या पन्नास हजार फाइली १ जीबीच्या असून डिस्कवर सहा जीबीहून जास्त जागा खातात. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे शेजारी-शेजारी बघा, लगेच कळेल. डिस्क फक्त विंडोजवरच लावणार असाल तर एनटीएफएस ठेवा. तिथे खण ४ केबीचा असतो, शिवाय मधेच वीज गेली किंवा केबल निघाली तर सावरायला नोंदवही असते. मॅकवरही लागणार असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॉर्मॅट बदलताना डिस्क पूर्ण पुसली जाते, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पायरी ६: विंडोजमधली दोन ठिकाणं

विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला ‘क्विक रिमूव्हल’ हे सेटिंग आपोआप लागतं. न सांगता डिस्क उपटणाऱ्या लोकांसाठी ही सोय आहे. लिहायचा डेटा मधे साठवून न ठेवता लगेच डिस्कवर पाठवला जातो, आणि चिल्लर फाइलींना ते महागात पडतं. डिव्हाइस मॅनेजर उघडा, ‘डिस्क ड्राइव्हज’मध्ये तुमच्या डिस्कवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘पॉलिसीज’. तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडा. पण अट अशी की यापुढे प्रत्येक वेळी खाली उजवीकडून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढायची नाही. घरात लहान मुलं किंवा घाईतली मोठी माणसं केबल ओढत असतील तर हे सेटिंग बदलू नका. अर्धवट लिहिलेला बॅकअप हळू बॅकअपपेक्षा वाईट.

दुसरं ठिकाण वनड्राइव्ह. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ वनड्राइव्हला जोडलेले असतील तर काही फाइलींपुढे ढगाचं चिन्ह असतं. ती फाइल तुमच्याकडे नाहीच, नुसती पाटी आहे. कॉपी सुरू केली की विंडोज आधी ती इंटरनेटवरून उतरवतं आणि मग डिस्कवर टाकतं. म्हणजे बॅकअपचा वेग झाला घरच्या ब्रॉडबँडचा वेग, आणि आपण मात्र केबल बदलत बसलोय. आधी फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, सगळं उतरू द्या, मग बॅकअप.

अँटीव्हायरस प्रत्येक फाइल तपासतो, त्यामुळे चिल्लर फाइलींना अजून थोडा उशीर होतो, हे खरं. बंद करा असा सल्ला जागोजागी मिळेल. माझं ऐकाल तर राहू द्या.

पायरी ७: रोज सगळं कॉपी करणं सोडा

इथपर्यंत सगळं नीट केलं तरी दर रविवारी दोनशे जीबी पुन्हा कॉपी-पेस्ट करत असाल तर वेळ जाणारच. बदललेल्या तेवढ्याच फाइली न्यायच्या. त्यासाठी फ्रीफाइलसिंक हे फुकट सॉफ्टवेअर नवख्यांना मी सुचवतो. डावीकडे लॅपटॉपचा फोल्डर, उजवीकडे डिस्कवरचा, ‘कम्पेअर’ दाबा. तारीख आणि आकार जुळवून फरक दाखवतं. पद्धत ‘अपडेट’ ठेवा. ‘मिरर’ निवडलंत तर लॅपटॉपवरून चुकून उडवलेली फाइल बॅकअपमधूनही उडते. ते कळून-सवरून करायचं असेल तर करा. कमांड लिहायची सवय असणाऱ्यांना विंडोजमधलीच रोबोकॉपी पुरेशी आहे, तिच्यातही मिररचा हाच धोका.

फरक तपासूनही दर वेळी सगळंच ‘बदललेलं’ दिसत असेल तर डिस्कचा फॉर्मॅट फॅट ३२ तर नाही ना बघा. फॅट ३२ फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच टिपतो. बरोबर सव्वादहा वाजून सात सेकंदांची फाइल तिथे वेगळ्या सेकंदाची होते आणि काही सॉफ्टवेअर तिला नवी समजतात.

टेराकॉपी वापरल्याने वेग दुप्पट होतो अशी एक समजूत आहे. डिस्कची चाल काही ती बदलू शकत नाही. पण एखादी फाइल अडली तर ती वगळून पुढे जाते आणि कॉपीनंतर दोन्हीकडचा डेटा जुळवून बघते, तेवढ्यासाठी ती ठेवण्यासारखी आहे.

मोबाइलमधले फोटो थेट एक्स्टर्नल डिस्कवर ओढू नका. फोनची जोडणी मुळातच सुस्त असते आणि मधेच तुटते. आधी लॅपटॉपवर घ्या, मोजणी जुळवा, मग डिस्कवर.

मॅकवाल्यांसाठी

ऑप्शनची कळ दाबून अ‍ॅपलच्या मेनूतून ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’, त्यात ‘यूएसबी’. तुमच्या डिस्कपुढे ५ गिगाबिट लिहिलंय की ४८० मेगाबिट, ते तिथेच कळतं, केबलची परीक्षा वेगळी घ्यायला नको. मॅकमधलं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाइम मशीन मुद्दामच मागच्या बाकावर बसून काम करतं, जेणेकरून तुमचं काम अडू नये. पहिला बॅकअप रात्रभर चालला तर त्यात नवल नाही. २०२० च्या बिग सरपासून टाइम मशीनच्या नव्या डिस्का एपीएफएसमध्ये तयार होतात, आणि तो फॉर्मॅट एसएसडी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला आहे. फिरत्या डिस्कवर, त्यातही एसएमआरवर, तो महिन्यागणिक जड होत जातो. टाइम मशीनसाठी डिस्क घेणार असाल तर छोटी का होईना, एसएसडी घ्या.

तरीही नवी घ्यायची वेळ आलीच तर

सी५ वर आकडा चढलाय किंवा आवाज येतोय, मग बोलणंच खुंटलं. फक्त साठवून ठेवायचं असेल, महिन्यातून एकदा थोडंसं टाकायचं असेल, तर साधी एसएमआर डिस्क पैशाच्या मानाने उत्तम आहे, तिला नावं ठेवू नका. दर आठवड्याला पन्नास-शंभर जीबी टाकणारे फोटोग्राफर, व्हिडिओवाले असाल तर एसएसडी घ्या, किंवा अ‍ॅडॅप्टरवर चालणारी साडेतीन इंची डिस्क, आणि मॉडेल नंबर कंपनीच्या यादीत ताडून जुन्या सीएमआर पद्धतीचा, म्हणजे रेघा एकमेकींवर न चढवलेला, आहे याची खात्री करून. दुकानात खोकं फोडायच्या आधी मॉडेल नंबर मोबाइलवर शोधा. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी चार-पाच जीबीच्या त्या फाइलीचा वेग बघून बिलाच्या मागे लिहून ठेवा. पुढे कधी रखडलीशी वाटली तर ताडून बघायला आकडा हाताशी असेल.